समोरासमोर ठेवलेले फोन

न्युरेम्बर्गमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी कधी बसलेलं पाहिलं नाही. फोन कानाला लावून त्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतात आणि होल्डवरचं संगीत गुणगुणतात. काकांची चाकाची खुर्ची मोडलीय. आरोग्यविमावाले म्हणतात, समाजकल्याण कार्यालयाला विचारा. कार्यालयवाले म्हणतात, विम्याला. तोवर काका पलंगावरच.

फोनवर जर्मन बोलायला मी घाबरते. परवा काकूंनी माझा फोनच मागून घेतला. एकावर विमा, दुसऱ्यावर कार्यालय लावून, स्पीकर चालू करून फोन टेबलावर समोरासमोर ठेवले.

"आल्झो, आता तुम्हीच एकमेकींशी बोला," त्यांनी जर्मनमध्ये सुनावलं.

मग विम्याची बाई कार्यालयातल्या बाईला नमस्कार करत म्हणाली, "गुटन टाग."

"मिळाली का गं खुर्ची?" आतून काकांनी विचारलं.

"अहो, थांबा," काकू येरझाऱ्या घालतच म्हणाल्या, "आत्ता कुठे त्यांची ओळख होतेय."