खालचं क्रेट

फोन लातूरहून मामीचा आला. "अप्पा गेले गं. चहा पिऊन जरा आडवे झाले, ते उठलेच न्हाईत," एवढंच बोलली. शिवअप्पा माझे सख्खे मामा, ऐंशी ओलांडलेले. लातूरच्या मार्केटात केळीचं ठोक दुकान. अर्धापूरचा कच्चा माल घ्यायचा, पिकवायचा, विकायचा. फोन ठेवून मी खूप रडले, आणि मधेच ते पेढे आठवून हसू आलं.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी अप्पांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. लवकर सापडला, नांदेडला ऑपरेशन झालं, आणि अप्पा-मामी तिथंच आमच्याकडे मुक्कामाला आले. काढलेल्या आतड्यालगतच्या बारीक लसिकागाठी, ज्या सगळ्यांच्याच अंगात असतात, त्या लॅबमध्ये तपासणार होते. त्यांत आजार नसला तर बहुतेक निभावलं, असला तर केमो. मामीचं जेवणावरून मन उडालं होतं. अप्पांना राग कशाचा, तर माझ्या फ्रीजचा. "केळं फ्रीजात ठेवतीस? माझी भाची म्हणून सांगू नको कुणाला."

रिपोर्ट आला, गाठी साफ. डॉक्टरांना दाखवायच्या आधीच अप्पांनी दुकानात फोन लावला आणि अख्ख्या मार्केटात पेढे वाटायला लावले. दुपारी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "साफ आहेत, पण सापडल्यात सहाच. निदान बारा तरी बघाव्या लागतात. थोड्याच बघितल्या तर एखादी खराब गाठ राहून गेलेली असू शकते. लॅबला पुन्हा शोधायला सांगतो." मामीचा चेहरा उतरला. अप्पा म्हणाले, "बघा साहेब. मी बी वरचं क्रेट बघून माल घेत न्हाई, खालचं काढाय लावतो." बाहेर आल्यावर हळूच मला विचारलं, "आता पेढे माघारी मागावं का गं?" रिक्षात मामीसुद्धा हसली.

पण ते वाट बघणं लई जड गेलं... दिवसभर थट्टा करणारे अप्पा सकाळी पूजेत इष्टलिंग तळहातावर घेऊन बसत, ते उठायचं नावच घेत नसत. एकदा मला म्हणाले, "मरायचं भ्या न्हाई. हिनं कधी दुकानाची पायरी चढली न्हाई. माझ्या मागं हिला सगळे फशिवतील."

लॅबला आणखी गाठी सापडल्या. बारापेक्षा बऱ्याच जास्त भरल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या साफ. डॉक्टर म्हणाले, "केमो नको. तपासणी मात्र चुकवायची नाही." अप्पांनी या खेपेला आधी डॉक्टरांना नीट विचारून घेतलं आणि मगच सगळ्या वॉर्डात केळी वाटली. लातूरला गेल्यावर मामीला हाताला धरून दुकानात नेलं ते रोजच. ती लाजायची, अप्पा शिकवायचे, दोघं भांडायचे, आणि मार्केट मजा बघायचं. आजार परत फिरकला नाही. शेवटी गेले ते म्हातारपणानं.

परवा दुकानात गेले. अप्पांच्या गादीवर मामी बसलेली. अर्धापूरची गाडी आली होती. व्यापाऱ्यानं वरचं क्रेट उघडून दाखवलं, "बघा मामी, एक नंबर माल हाय." मी पुढं होऊन काही म्हणणार, तेवढ्यात मामीनं चष्मा नाकावर चढवला.

"ते ठिवा बाजूला," ती म्हणाली. "खालचं काढा."