कानाजवळची हवा

फौजेतून पेन्शन घेऊन आलेली माणसं मोहाडीच्या आसपास बरीच होती. कुणी घरावर कवेलूंच्या जागी टिना घातल्या, कुणी म्हशी घेतल्या, कुणी नुसत्या मिशा राखल्या. धनीराम हवालदारांनी येताना हवा आणली, असं लोक म्हणत. पलटणीच्या संघातून ते लांब पल्ल्याची रायफल चालवत. लांबच्या निशाणावर निम्मं काम हाताचं आणि निम्मं हवेचं, हे ते बाजारात वांगी निवडता निवडता कुणालाही समजावून सांगत. गोळी सुटून निशाणाला लागेपर्यंत पापणी लवते न लवते, पण तेवढ्यात आडवी हवा तिला हातभर बाजूला सारते. किती सारणार ते आधी ओळखायचं आणि रायफलीच्या मागच्या साइटची चाकी तेवढी घरं फिरवायची. एवढंच, असं ते म्हणत, आणि वांगीवाली समजल्यासारखी मान डोलवी.

१९७४ साली भैयाजी कापडवाल्यांनी खटपट करून गावात रायफल क्लब काढला आणि हवालदारांना उस्ताद नेमलं. क्लब म्हणजे दोन जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली. त्या ठाण्याच्या कुलपात राहत आणि रविवारी तेवढ्या उन्हात येत. मैदान म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या तलावालगतच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं. कापणी झाली की बांध्या मोकळ्या होत, आणि तलावाची उंच पाळ गोळ्या झेलायला पाठीशी असे. पाळीखालच्या खड्ड्यात बसलेला माणूस काठीला लावलेली पांढरी चकती वर करून गोळी कुठे लागली ते दाखवी.

हवेसाठी झेंड्या लागत. त्या हवालदारांच्या बायकोच्या, गोदावरीबाईंच्या, जुन्या तांबड्या लुगड्यातून निघाल्या. धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांध्यांच्या बांधांवर, बांबू रोवून हवालदारांनी त्या बांधल्या तेव्हा गोदावरीबाई पाण्याला आलेल्या बायकांना म्हणाल्या, "घरात वारा घालाले पंखा नाही, अन् इथं माह्या लुगड्यानं हवा मोजून राहिले."

शिकायला येणारे सगळे धानवाले. पहिल्या वर्षी गर्दी झाली, दुसऱ्या वर्षी पांगली, आणि खऱ्या अर्थानं उरला एक जागेश्वर. तिशीचा गडी, बोलायला कमी, तलावातल्या बगळ्यासारखा स्थिर. श्वास धरून घोडा दाबायचा तर त्याच्यानेच दाबावा. जवळच्या निशाणावर त्याच्या गोळ्या एकमेकींच्या अंगावर पडत. पण पाचशे यार्डांवर नेलं की त्या पांगत, आणि हवालदारांचा आवाज चढे.

"हवा कुठून आहे?"

"डावीकडून जी. कानाले लागून राहिली."

"तुह्या कानाले गोळी मारायची आहे काय?"

जागेश्वर हसे. पुढच्या रविवारी पुन्हा कान वर करून हवेची वाट पाही. झेंड्यांकडे बघायला सांगितलं की बघे, पण देवळापुढून जाताना माणूस हात जोडतो तसा. चालणं काही थांबत नाही. ऊन तापलं की जमिनीवरून पाण्यासारखी झळ हलते. ती ज्या अंगाला वाहते त्या अंगाला हवा जाते, आणि दुर्बिणीतून ती साफ दिसते, हेही हवालदारांनी त्याला दाखवलं होतं. जागेश्वर दुर्बिणीला डोळा लावी आणि विश्वास मात्र कानावरच ठेवी.

हवालदार चिडत त्याला एक कारण होतं. ते फक्त गोदावरीबाईंना माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरनं थेंब दिले आणि सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं जपा. हा आजार कडेनं आत येतो. घरात अंधार शिरावा तसा नव्हे. उलट, माणूस जणू रोज एका लांबट बोगद्यात एकेक पाऊल मागे सरकत जातो. समोर निशाण अजून लख्ख दिसे. पण दोन्ही बाजूंच्या झेंड्या एकेक करून जग सोडून गेल्या होत्या. निशाण दिसायचं, हवा दिसायची नाही. दुर्बिणीतली झळही अलीकडे नुसती थरथरायची, कुठल्या अंगाला वाहते ते कळायचं नाही. आपल्याजवळ दुसऱ्याला देण्याजोगं एकच काही आहे, आणि ते कुणाच्या हाती पडण्याआधी आपणच त्याला मुकणार, या विचारानं ते दुपारी बाजेवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहत. कुणी विचारलं तर डोळे लागले होते म्हणत.

पौषात जागेश्वरच्या खळ्यावर धान उडवणं चालू होतं. हवालदार सहज तिकडे गेले, खळ्याच्या कडेला चपला काढल्या आणि मधल्या खांबाला, मेढीला, टेकून बसले. जागेश्वर तिवईवर उभा होता, भरली टोपली डोक्याच्या वर धरून. हवा पडलेली. तो थांबला होता, मान किंचित कलती, कान वर. हवा आली की टोपली हलवायची. दाणा सरळ पायाशी पडतो, फोल आणि भुसा उडून जातो. हवालदारांना तेव्हा उमगलं. या माणसाचं धान त्याच्या पायाशी पडतं. त्याला कानाजवळच्या हवेखेरीज दुसरी हवा लागतच नाही. त्याच्या बापाला लागली नाही, आज्याला लागली नाही. तो आळशी नव्हता, बेपर्वाही नव्हता. तो रायफल घेऊन लोळला तरी मनानं तिवईवरच उभा असायचा.

खाली निर्मलाबाई, त्याची बायको, खराटा घेऊन राशीवरचं फोल झाडत होती. ती टोपलीकडे बघत नव्हती. तिची नजर लांब, तणशीच्या, म्हणजे पेंढ्याच्या ढिगाकडे. तिथून भुशाचा एक लोट वळून राशीकडे आला. तो यायच्या आधीच तिनं बारदाना आडवा धरला होता. हवालदारांनी विचारलं, भुसा परत येणार हे तुला कसं कळलं.

"वरच्याले टाकाचं असते जी मामाजी, निवडाचं मले असते," ती म्हणाली. "तिकडं तणशीपाशी हवा फिरते. ह्यायले तिथं वर काय ठाऊक."

हवालदार उठले. त्यांनी जागेश्वरला खाली उतरवलं, त्याच्या हातात खराटा दिला आणि स्वतः धोतर खोचून तिवईवर चढले. फौजेचा माणूस धान उडवतो आहे म्हटल्यावर शेजारच्या खळ्यांवरची कामं थांबली. हवालदारांच्या हातून टोपली कधी एकदम रिती होई, कधी अडून बसे. दाण्याबरोबर भुसा पडे आणि भुशाबरोबर दाणा जाई. जागेश्वर झाडत होता आणि निर्मलाबाई त्याला झाडत होती. इतकी वर्षं मी काय करत होते ते आता बघा, नुसता खराटा हलवून रास साफ होत नसते, असं बरंच काही ती सगळ्यांदेखत बोलून घेत होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग जागेश्वर थांबला. खराटा तसाच हातात, नजर तणशीकडे.

"तिथं उजवीकडून आहे जी," तो म्हणाला.

"अन् तुह्या कानाले?"

"डावीकडून."

"खरी कोणती?"

त्यानं आधी कान दिला, मग पुन्हा तणशीकडे बघितलं. "दोन्ही खऱ्या जी. पण भुसा तिथली मानते."

हवालदारांना तिवईवरून उडी मारावीशी वाटली. त्यांनी पुढच्या टोपलीसाठी हात खाली केला. निर्मलाबाई डाव्या अंगाला भरली टोपली उचलून उभी होती. हवालदारांचा हात हवेत चाचपत राहिला. तिनं ते बघितलं आणि टोपली त्यांच्या समोर आणून धरली. त्यानंतरची प्रत्येक टोपली समोरूनच आली. उतरताना तिनं त्यांच्या कोपराजवळ हात धरला, धरल्यासारखा न दिसेल असा.

"उन्हानं डोळे दिपले," हवालदार म्हणाले.

"हो जी," निर्मलाबाई म्हणाली.

या झाडीपट्टीच्या मुलखात वडीलधाऱ्या माणसाला एवढंच म्हणतात. त्यात सगळं मावतं: मान, माया, आणि न बोललेलं खरं. तिनं नवऱ्याला पुढे काही सांगितलं की नाही, हवालदारांना कळायला मार्ग नव्हता. जागेश्वर मात्र बदलला. आता तो मैदानावर आला की आधी बांध्यांतून पाळीपर्यंत चालत जाई, मधे मधे उभा राही, मूठभर तणस सोडून बघे. गोळ्या गोळा होऊ लागल्या.

फाल्गुनात जिल्ह्याची निवड याच मैदानावर झाली. जोडी असायची: एक मारणारा, एक शेजारी लोळून दुर्बिणीतून हवा सांगणारा. सांगणाऱ्यानं सांगायचं, मारणाऱ्यानं ऐकायचं. पहिली आलेली जोडी नागपूरला जाणार होती. भैयाजींनी सांगणारा म्हणून हवालदारांचंच नाव घातलं होतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. हवालदार दुर्बीण घेऊन लोळले.

सकाळी हवा सरळ होती. सगळ्या मैदानावर एकच, डावीकडून, आणि ती गालाला लागत होती तेवढ्यावर हवालदारांचं भागलं. ते सांगत गेले, जागेश्वर मारत गेला, चकती काळ्या गोलाच्या आसपास दिसत राहिली. दुपार चढली. शेवटची गोळी उरली तेव्हा भैयाजी मागून कुजबुजले की ही मधोमध लागली तर तुमसरची जोडी मागे पडते.

हवालदारांनी डोळा दुर्बिणीला लावला. निशाण दिसलं. बाकी दोन्हीकडे काळोख. बांध्यांमधल्या झेंड्या, तलावावरची झुळूक, झळ, काही नाही. डाव्या गालाला हवा लागत होती, मघापेक्षा जोरात. त्यांनी त्या गालावरच भरवसा ठेवला.

"बाएं. चार अजून," ते म्हणाले. पलटणीचा हुकूम त्यांच्या तोंडातून हिंदीतच येई.

"हो जी," जागेश्वर म्हणाला.

बंदुकीच्या संगतीनं फौजी माणसाचे कान जातात. हवालदारांचं उलटं झालं होतं, डोळे गेले आणि कान राहिले. चाकी फिरली की प्रत्येक घराला बारीक टिक् होतं. त्यांनी ऐकलं. एक, दोन, तीन, चार. मग पाचवी. चाकी फिरतच होती. डावीकडे एवढं कुणी शहाणा घालणार नाही. म्हणजे हा उजवीकडे चालला होता, सकाळपासूनचं सगळं डावं पुसून, आणखी पुढे. म्हणजे तिकडे तलावावरून हवा वळली होती, आणि याला ती दिसत होती. आणि आपण कानाजवळची हवा धरून बसलो होतो.

त्यांना त्याला थांबवता आलं असतं. सांगणाऱ्याचा तो हक्क होता. वीस वर्षांत त्यांचं सांगणं कुणी मोडलं नव्हतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. छातीत काहीतरी गळून पडलं, आणि त्याच जागी काहीतरी उभं राहिलं. कोणतं आधी, ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

रायफल उडाली. पाळीखालून काठी वर आली. चकती काळ्याच्या मधोमध थांबली. ती नेमकी बोगद्याच्या तोंडाशी होती, त्यांच्या उरलेल्या नजरेत पुरती मावेल अशी.

"तुमचे चार बराबर बसले जी," जागेश्वर म्हणाला.

"बसले," हवालदार म्हणाले.

भैयाजींनी पेढे वाटले. संध्याकाळी दोघं धुऱ्यावरून घराकडे निघाले. जागेश्वर पुढे चालत होता, आणि जिथे धुरा फुटला होता तिथे आपोआप थांबून हात मागे करत होता. तेव्हा हवालदारांना कळलं की निर्मलाबाईनं सांगितलं होतं, आणि पौषातच सांगितलं होतं.

"मी चार म्हटलं होतं," ते म्हणाले.

"हो जी."

"मले मोजता येते, जागेश्वर."

जागेश्वर थांबला.

"नागपूरले जोडीनं जाऊ," हवालदार म्हणाले. "सांगणारा मीच. पण तू मले हळूच सांगशील, अन् मी तेच तुले मोठ्यानं सांगीन. अन् यापुढं चुकीच्या गोष्टीले हो जी म्हटलं, तर तलावाभोवती पळवीन."

नागपूरला ते मधेच कुठंतरी आले. भैयाजींनी ते फार लावून घेतलं, या दोघांनी नाही.

पुढे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत हवालदारांपुढचा बोगदा जवळजवळ मिटला. तरी रविवार चुकला नाही. गोदावरीबाई हात धरून त्यांना आणत आणि मोहाच्या झाडाच्या सावलीत बाजेवर बसवत. उस्ताद आता जागेश्वर होता. पण नव्या पोरांची परीक्षा हवालदार घेत, आणि ती साऱ्या जिल्ह्यात माहीत झाली होती. पोरगं रायफलीमागे लोळलं की ते बाजेवरून खणखणीत आवाजात हवा सांगत, तीही चुकीची. जो हो जी म्हणून तसंच मारी, त्याला तलावाभोवती पळावं लागे. जो म्हणे, नाही जी, पाळीपाशी उलटी आहे, त्याला गोदावरीबाईंच्या डब्यातला गूळ मिळे.

मुद्दाम कधी चुकत आणि खरोखर कधी, ते कुणाला ओळखता येत नसे. एकदा चारही पोरांनी लागोपाठ नाही जी म्हटलं, तेव्हा हवालदारांनी हळूच बायकोला विचारलं की आज आपण काय सांगितलं होतं, आणि आहे काय.

गोदावरीबाईंनी बांध्यांकडे बघितलं. त्यांच्या दुसऱ्या एका लुगड्याच्या, हिरव्या, झेंड्या उडत होत्या.

"मले काय समजते त्यातलं," त्या म्हणाल्या, आणि गुळाच्या डब्याचं झाकण उघडलं.