न पाहता घेतलेला ड्रम

ड्रम ताब्यात घेण्याआधी भाऊ त्याच्या झाकणावर तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "बरा हाय. येऊ द्या आत."

लोणावळ्याच्या अलीकडे रसायनांचं एक गोदाम आहे. तिथे फाटकावर माल उतरवून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. तुमच्याही कामाच्या जागी असा एक माणूस असेल, ज्याच्यावरून आपण ती जागा ओळखतो. पवनानगरहून ते पहिल्या एस.टी.ने यायचे आणि आम्ही पोचेपर्यंत फाटक झाडून झालेलं असायचं. मी तिथे संगणकावर होते. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, हे मी तेव्हाही सांगायचे, आताही सांगते. भाऊंना त्याचं माझ्याहून जास्त कौतुक. नव्या ड्रायव्हरला बजावायचे, "ही आमची ताई. पदवीधर हाय. नीट बोलायचं."

मग गोदामात ब्लॉकचेन आली, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच संगणकी नोंदवही. प्रत्येक ड्रमवर कोड. कारखान्यातून निघाला की स्कॅन, टेम्पोत चढला की स्कॅन, आमच्याकडे उतरला की स्कॅन. ड्रम कोणाच्या ताब्यात आहे ते सगळ्यांना दिसणार. भाऊंना शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

"चुकलं तर खोडायचं कसं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"खोडता येत नाही, भाऊ. नोंद कारखान्याकडे, टेम्पोवाल्याकडे, गिऱ्हाइकाकडे एकदमच जाते. चूक झाली तर खाली नवी नोंद करायची. जुनी तशीच राहते."

"म्हंजी गावकीच की. चारचौघांत बोललं ते बोललं."

पावसाळ्यात गाड्यांची रांग लागली. ओले कोड वाचले जाईनात. मग टेम्पोवाल्यांनी युक्ती काढली. कोडचे फोटो वाटेतूनच भाऊंच्या मोबाईलवर पाठवायचे. भाऊ केबिनमध्ये चहा पिता पिता त्या फोटोंवर स्कॅनर धरायचे. गाडी फाटकात यायच्या आधीच माल 'मिळाला'. गाड्या लवकर सुटू लागल्या, साहेब खूश. झाकणावरचा तळहात मात्र राहून गेला.

एका संध्याकाळी मोजणीत ॲसिडचा एक ड्रम कमी आला. भाऊंनी टेम्पोवाल्याला फोन लावला. तो घाट उतरून खोपोलीला पोचला होता.

"भाऊ, तुमीच घेतलाय की. नोंद बघा," म्हणाला आणि फोन ठेवला.

साहेबांचंही तेच. "सिस्टीममध्ये माल पूर्ण आहे ना? मग सकाळी बघू. असेल इथेच."

भाऊ केबिनमध्ये आले, पण बसले नाहीत. "ताई, त्याच्या गाडीत पोहायच्या तलावाचं क्लोरीन बी असतं. दोन्ही ड्रम निळेच. कुणी क्लोरीन म्हणून उघडला तर?"

असा माल एका गाडीत घालायचा नसतो, पण जागा रिकामी दिसली की टेम्पोवाले भरतात. क्लोरीनमध्ये ॲसिड पडलं की विषारी वायू सुटतो. बंद खोलीत माणूस दारापर्यंतही पोचत नाही.

नवी नोंद केली की चूक कोणाची ते सगळ्यांना दिसणार होतं. न पाहता माल घेणाऱ्याला फाटकावर ठेवायचं नाही, हा नियम नव्या माणसांना भाऊच वाचून दाखवायचे.

"मला टायपाया येळ लागंल. तू लिही."

"काय लिहू?"

"ड्रम न बघता घेतला. हितं आलाच न्हाई. चूक माजी."

शेवटचं वाक्य गाळून मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्ये बी लिही."

नोंद गेली. ड्रम परत टेम्पोवाल्याच्या नावावर दिसू लागला. आता त्याचाच फोन आला, आवाज पार बदललेला. गोदामाकडे येताना मळवलीच्या एका बंगल्यावर त्याने घाईघाईत क्लोरीनचे ड्रम उतरवले होते. त्यातच गेला असणार.

भाऊंनी त्याच्याकडून नंबर घेऊन बंगल्यावर फोन केला. राखणदार मावशींनी उचलला.

"मावशी, निळ्या ड्रमांना हात लावू नका."

"आवो, त्येच उघडाय पाना शोधतीय."

"पाना ठेवा तितंच. भाईर अंगणात बसा. मी येतुया."

ते स्वतः गोदामाची गाडी घेऊन गेले आणि ड्रम घेऊन आले.

पुढच्या आठवड्यात ती नोंद पाहून गिऱ्हाइकाने भाऊंना फाटकावर ठेवायला हरकत घेतली. साहेबांनी भाऊंना आत दुसरं काम देऊ केलं. "नगं साहेब. फाटकावर न्हाई तर न्हाई," म्हणाले, डबा उचलला आणि दुपारीच घरी गेले. मला एवढंच म्हणाले, "शिकलीस त्ये बरं केलंस."

भात झोडून झाल्यावर मळवलीच्या मावशी गोदामात आल्या. डोक्यावर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी.

"त्ये फोनवाले भाऊ कुटं हायेत?"

"काम सोडलं त्यांनी, मावशी."

"का वो?"

मी सगळं सांगितलं. त्या फाटकाकडे बघत राहिल्या. तिथे नवा माणूस माल उतरवून घेत होता.

"म्हंजी त्यांनी लिवलं नसतं, तर ऱ्हायले असते हितं."

"हो."

मावशींनी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा डोक्यावर घेतली.

"पवनानगरची जीप कुटनं मिळती, पोरी?"