भावोजींच्या बारा लेकी आणि एक जावई

त्या खंडेनवमीला डोंगरावर आम्ही चौघंच होतो. मी, माझी सून वंदना, माळी रामफळ आणि भावोजी. भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे फरीदाबादच्या कारखान्यातले जोडीदार. एवढं आयुष्य गेलं, पण उन्हाला इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मे महिन्यात इथलं ऊन माणसाला नकोसं होतं, आणि भावोजी सकाळी उठून म्हणायचे, "वहिनी, पाहुणा वेळेवर आला बघा."

आमचे हे गेले, कंपनीची खोली सोडावी लागली, तेव्हा भावोजींनीच मला मानेसरच्या पलीकडं, डोंगरातल्या रोपवाटिकेत कामाला लावलं. रडत बसायला वेळ नव्हता. रोपांना पाणी घालायचं आणि तिथल्याच खोलीत राहायचं. तिथं विजेची तार अजून पोचलेली नाही. बोअरची मोटार उन्हावर चालते, त्यासाठी सोलरच्या बारा प्लेटा उभ्या केल्यात, आणि ऊन नसेल तेव्हासाठी पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलचा जनरेटर. सगळं भावोजींच्या ताब्यात. प्लेटांना ते लेकी म्हणायचे आणि जनरेटरला जावईबापू. का, तर "खातो फार, येतो क्वचित, आणि आला की घर दणाणून सोडतो." लेकींची तोंडं रोज सकाळी जुन्या बनियननं पुसायचे. त्यांच्यावर कुणाची सावली पडलेली खपायची नाही. एकदा मोठे साहेब फोटो काढायला प्लेटांपुढं उभे राहिले, तर हे म्हणाले, "साहब, ज़रा हटो, लड़कियाँ काम कर रही हैं." साहेब घाईनं बाजूला झाले आणि मग बराच वेळ लड़कियाँ शोधत होते.

जावयाचेही लाड होते. थंडीत त्याला गोधडी. दर मंगळवारी पाच मिनिटं चालवायचे, विसरू नये म्हणून. कामाला मात्र लावायचे नाहीत. सुरू करायचं हँडल स्वतःच्या उशाखाली. रामफळ म्हणायचा, "ताऊ, दामाद से कभी काम भी करा लो."

"तेरा दामाद करता है?"

रामफळ पाइप उचलून रोपांकडं चालू लागायचा.

त्या खंडेनवमीला भावोजी तापानं खाटेवर पडले होते. दरवर्षी ते हार घालायचे तो एकट्या जनरेटरला. मला वाटलं, वर्षभर राबायचं लेकींनी आणि मान जावयाला? मी आणि वंदनानं झेंडूचे हार करून एकेका प्लेटीवर आडवे घातले, हळदीकुंकू लावलं. मोटार चालू केली तर करंगळीएवढी धार. दुपार झाली तरी टाकीचा तळ झाकेना. नवी लावलेली रोपं माना टाकायला लागली. दुसऱ्या दिवशी साहेब बघायला येणार होते. रोपं गेली असती तर माझं काम गेलं असतं, खोलीही गेली असती. रामफळ म्हणाला, "मोटर जल गई, अम्मा." मी टाकीच्या तळाचं पाणी तांब्या तांब्यानं घालत राहिले.

वंदना भावोजींना बोलवायला गेली. चादर पांघरून आले, प्लेटांकडं बघितलं. आता ओरडणार, असं वाटलं. त्यांनी एकेक हार हळूच उचलला. "कामावर निघालेल्या लेकीच्या तोंडावर पदर नको, वहिनी. तिला दिसणार कसं?" मग ओल्या बनियननं कुंकू पुसून काढलं. पण तोवर ऊन कललं होतं. तेव्हा बाराही हार जनरेटरच्या गळ्यात घातले, उशाखालचं हँडल आणलं आणि तापल्या अंगानं फिरवलं. तीनदा नुसताच खोकला. "आज सासरची लाज राख रे," म्हणाले, आणि चौथ्यांदा शेड दणाणली. पाइपातून मनगटाएवढं पाणी आलं. आम्ही तिघांनी रोपं भिजवली आणि हे पार शेवटच्या रोपापर्यंत जावयाजवळ दगडावर बसून राहिले.

भावोजींची खरी लेक एकच, सोलापूरकडं दिलेली. डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा ती त्यांना घेऊन गेली. जाताना हँडल माझ्या हातात दिलं. रोज सकाळी फोन यायचा, "वहिनी, लेकींची तोंडं पुसली का?"

"पुसली, भावोजी."

एवढंच बोलणं. या थंडीपासून फोन येत नाही. मी पुसते, आणि पुसली म्हणून मोठ्यानं सांगते.

कधी आमच्या बाजूला आलात तर जरा बाजूनं उभे राहा. प्लेटांवर सावली पाडू नका.