रांग कुठवर आली?

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, आठ वर्षांची सालकीन मेंढीची आतडी धूत बसली होती आणि पाठीमागच्या तंबूत तिचे दोन काका भांडत होते. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, भिंतीला कान थोडेच असतात. तिच्यातून सगळं बाहेर येतं.

"मला खांदा? आणि याला जांबाश?" हा थोरला.

"अके, हळू. पाहुणे ऐकतायत." धाकटा थोरल्याला अके म्हणायचा, म्हणजे दादा.

"ऐकू देत! सात वर्षांनी मोठा आहे मी तुझ्याहून. कमरेचं हाड मोठ्याच्या पुढ्यात ठेवतात, हे दारच्या कुत्र्यालाही कळतं."

"मी मागितलं होतं का? वाढणाऱ्यानं ठेवलं."

"मग उचलून माझ्या ताटात टाकायचं होतं! हात काय कचेरीत विसरून आलास?"

धाकटा कचेरीत खुर्चीवर बसणारा. वाढणाऱ्यानं खुर्ची पाहिली, वय पाहिलं नाही, आणि तिथं चुकला. एका हाडापायी दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. बाराव्या वर्षी थोरला गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला धाकट्यानं स्वतःच्या हातानं जांबाश वाढलं, अगदी मोठंसं. पण आता खाणारा कुठं होता?

सालकीन आतडी पिळता पिळता एक गोष्ट शिकली. काय वाढलं ते लोक विसरतात, आधी कुणाला वाढलं ते विसरत नाहीत. पुढं शहरात येऊन ती पुष्कळ शिकली, पण एवढ्या उपयोगाचं दुसरं काही शिकली नाही.

शहराचं नाव तेव्हा फ्रुंझे होतं. तिथं एका यंत्रांच्या कारखान्यात ती संगणकावर लागली. भोकं पाडलेली पत्त्यांसारखी कार्डं यंत्राला भरवायची, असं काम. मग सोव्हिएत राज्य गेलं, कारखाना गेला, शहराचं नावही गेलं, बिश्केक झालं. सालकीन तिथंच राहिली. नऊ वर्षं तिनं बाजारात लोकरीचे मोजे विकले. आणि मग मामबेतकुल-अकेंनी औषधाचं दुकान काढलं. अके मूळचे जनावरांचे डॉक्टर. आधी घोड्यांची औषधं ठेवायचे, मग घोडेवाल्यांचीही ठेवू लागले. त्यांना संगणकातलं कळणारं माणूस हवं होतं. मोज्यांच्या ढिगामागं ते सापडलं.

एका दुकानाची एकतीस दुकानं झाली. नारीनपासून ओशपर्यंत कुणी खोकल्याची बाटली घेतली, तर ती तळघरातल्या एकाच डेटाबेसमध्ये उतरायची. त्या डेटाबेसची राखण सालकीनकडं. राखण म्हणजे काय, तर एकतीस दुकानं एकाच वेळी प्रश्न विचारतात, ही गोळी आहे का, तो मलम केवढ्याला. एखादा प्रश्न अवजड निघाला, की तो वाटेत बसतो आणि मागचे सगळे प्रश्न त्याच्यामागं तिष्ठत उभे. असा बसलेला प्रश्न शोधून उठवायचा, एवढंच काम. एवढंच, पण वेळेवर कळलं तर.

सालकीनला वेळेवर कळायचं, कारण ओश बाजारातल्या दुकानात तुर्सुनाय होती. जाडजूड, मोठ्या आवाजाची, गल्ल्यावर बसून अख्ख्या बाजारावर नजर ठेवणारी. ती फोन करायची.

"एजे, रांग काट्यापर्यंत आली."

एजे म्हणजे ताई, आणि काटा म्हणजे दुकानात लोक वजन करतात तो. तिथवर रांग असणं साहजिकच. रांग दारापर्यंत आली, की सालकीन चहाची वाटी खाली ठेवायची. आणि बाहेरच्या साम्साच्या, म्हणजे खिम्याच्या समोशांच्या, भट्टीपर्यंत गेली, की वाटी ठेवायलाही वेळ नसायचा. सगळं ती एका चौकटीच्या वहीत लिहायची: तारीख, रांग कुठवर, कोणता प्रश्न अडला. एक गोष्ट मात्र कधी लिहिली नाही. पेन्शनच्या दिवशी, सकाळी दहाला, म्हाताऱ्यांची गर्दी ऐन भरात असताना, कुणीतरी कंपनी निघाल्यापासूनच्या सगळ्या विक्रीचा अहवाल मागायचं आणि सगळी दुकानं अडायची. हा कुणीतरी म्हणजे अकेंचा पुतण्या, उलारबेक. कंपनीचा संचालक. काकांना दर महिन्याला रंगीत आलेख दाखवायची त्याला हौस. सालकीन वहीत लिहायची, 'वारा होता.'

एका एप्रिलमध्ये उलारबेकनं तिला वर बोलावलं.

"सालकीन-एजे, आता आपण डेटाबेसवर लक्ष ठेवणारं साधन घेणार. प्रोग्रॅम. माणसाची गरजच नाही. कुठं अडलं, किती अडलं, आपणहून सांगतं."

"बरं झालं. माझा चहा तरी गरम राहील."

"म्हणजे..." त्यानं टेबलावरचा कागद सरळ केला. तो सरळच होता. "सप्टेंबरनंतर तुम्हाला त्रास द्यायला नको, असं ठरतंय."

सालकीनला अठ्ठावन्न पुरी व्हायची होती मार्चमध्ये. पेन्शन त्यानंतर. सप्टेंबर ते मार्च मधले सहा महिने काय, पुन्हा मोजे? सत्तावन्नाव्या वर्षी बाजारात बर्फावर उभं राहायला पायही पूर्वीचे राहिले नव्हते. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. तोंडातून एवढंच आलं, "निवडणार कोण?"

"तुम्हीच. डेटाबेस तुमच्याइतका कुणाला माहीत आहे?"

मेंढीलाच म्हणायचं, बाई, सुरी पाजळून आण. पण काम म्हटलं की सालकीनला ते वाईट करता येत नसे. हा तिचा जुना दोष होता.

तिनं तीन कंपन्यांना बोलावलं. आणि परीक्षा ठेवली पेन्शनच्या दिवशी, सकाळी दहाला. विक्रेते चित्रं दाखवायला आले होते. तिनं सांगितलं, "चित्रं नंतर. तुर्सुनायचा फोन यायच्या आधी तुमच्या साधनानं मला काय अडलंय ते सांगावं. बस."

पहिलं साधन पट्टीचं निघालं. दहा वाजून एक मिनिटाला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लाल चौकोन उमटला. अडवणारा प्रश्न कोणता, त्याच्यामागं किती जण उभे, सगळं. आणि खाली ठळक अक्षरांत, कुणी विचारला ते: उलारबेक. खोलीत दहा माणसं होती. सगळी खिडकीतून डोंगर बघू लागली.

"रंग फार भडक आहेत," उलारबेक म्हणाला.

"रंग बदलता येतात," विक्रेता म्हणाला. बिचारा परगावचा असावा.

"नको. भडकच आहे एकूण."

दुसरं साधन तुर्सुनायच्या फोननंतर चार मिनिटांनी जागं झालं. सालकीननं विक्रेत्याला चहा दिला आणि बोळवलं. तिसरं पहिल्याइतकंच चलाख, वर त्यात नावं झाकायची सोय होती. नावाच्या जागी नुसतं 'वापरणारा' असं यायचं. उलारबेकला ते फार आवडलं. सालकीननं मनाशी कबूल केलं, साधन खरंच चांगलं आहे. ते तिच्याहून लवकर पाहतं, झोपत नाही, आणि त्याला मार्चची काळजी नाही. तिनं शिफारशीवर सही केली. अक्षर थोडं वाकडं आलं, तेवढंच.

मग साधन बसवायचा दिवस. मामबेतकुल-अके मुद्दाम आले, पांढरी कल्पाक टोपी घालून. वय चौऱ्याहत्तर, काम काही नाही, पण पहिली खुर्ची त्यांची. साधनानं पडद्यावर विचारलं, काही अडलं तर निरोप आधी कुणाला? आणि त्यानं पाहिला नाही, तर किती मिनिटांनी दुसऱ्याला?

सालकीनची बोटं आपल्याच नावाकडं निघाली होती. ती थांबली. तिला लहानपणच्या त्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं.

"आधी अके," उलारबेक म्हणाला. "हे काय विचारायचं झालं?"

"अके उन्हाळ्यात सोनकुलच्या कुरणावर असतात," सालकीन म्हणाली. "घोड्यांपाशी. तिथं फोनला..."

"मग काय त्यांना वगळू? एजे, तुम्ही सांगताय हे?"

अके खोकले. "मी कुठं काही म्हणतोय? मला या यंत्रातलं काय कळतं. धाकट्यांना आधी सांगा. मला काय, कुणी सांगितलं तर सांगितलं."

झालं. यावर कोण धाकट्याचं नाव घालणार! पहिले अके, दुसरा उलारबेक, मग हिशेबनीस, मग वकील, आणि अकराव्या जागी, पंगतीत दाराजवळ बसवावं तशी, सालकीन.

"आणि किती मिनिटं थांबायचं?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"अकेंनी पाहिलं नाही, तर किती वेळानं पुढच्याला?"

"मोठ्यांनी हात लावायच्या आधी आपण घास उचलतो का?" उलारबेक म्हणाला. "त्यांनी पाहीपर्यंत थांबायचं."

सालकीननं साधनाला तसं सांगितलं. साधनानं एकदा विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. एकदा बोलून झालं होतं; वडिलांसमोर दुसऱ्यांदा बोलायचं नसतं. वर उलारबेकनं हुकूमही काढला: यापुढं फोनवरच्या तोंडी तक्रारींवरून डेटाबेसला कुणी हात लावायचा नाही. साधनाचा निरोप आला तरच.

जूनमध्ये अके घोडे घेऊन वर गेले. आणि पेन्शनचा दिवस उजाडला.

दहा वाजता उलारबेकनं अहवाल मागितला. दहा वाजून एक मिनिटाला साधनानं अचूक पाहिलं आणि अचूक निरोप धाडला, सोनकुलला. आणि मग शहाण्या सुनेसारखं, मान खाली घालून, थांबलं.

दहा वाजून सहा मिनिटांनी सालकीनचा फोन वाजला.

"एजे, दारापर्यंत."

"तुर्सुनाय, मला बंदी आहे. निरोप यावा लागतो."

"मग मी काय देतेय, शेवया? निरोपच आहे हा!"

"साधनाचा यावा लागतो."

"बरं. तुझं साधन येऊन इथल्या म्हाताऱ्यांना सांगेल ना? एक आजोबा मला म्हणतायत, पोरी, मी औषध घ्यायला आलो होतो, आता कफन घेऊनच जातो."

सालकीननं फोन ठेवला. समोर पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं: लाल चौकोन, 'वापरणारा', मागं नऊशे प्रश्न. खाली एक ओळ, पहिल्या व्यक्तीच्या उत्तराची वाट पाहत आहे. तिनं वाटीतला चहा संपवला. हुकूम मोडला, तर सप्टेंबरचीही वाट बघायला नको, उद्याच घरी. नाही मोडला, तर निदान सप्टेंबरपर्यंतचा पगार राहतो, आणि मार्चची आशाही.

फोन पुन्हा वाजला. "साम्सावाला म्हणतोय," तुर्सुनाय ओरडली, "रांग त्याच्या भट्टीच्या पलीकडं गेली. त्याला वाटतंय सगळे साम्सासाठी उभे आहेत. त्यानं दुसरा घाणा लावलाय!"

सालकीननं अडलेला प्रश्न उठवला. दोन कळा दाबायचं काम. मग ती वर जाण्यासाठी शाल घेऊन बसली, कारण बोलावणं येणारच होतं.

आलं. "माझा अहवाल कुणी मारला?" उलारबेक लाल झाला होता, पहिल्या साधनाच्या पडद्यासारखा.

"अहवाल तुमचा होता होय?" सालकीन म्हणाली. "तिथं नुसतं 'वापरणारा' लिहिलं होतं."

नाव झाकायला त्यानंच सांगितलं होतं. "तुम्हाला निरोप आला होता का?" त्यानं विचारलं.

"नाही. तो अकेंकडं आहे अजून."

तिचं काय करायचं, हे काका उतरल्यावर ठरवू, असं म्हणून उलारबेकनं तिला खाली पाठवलं. चौथ्या दिवशी अके रेंज शोधत खिंडीवर चढले, तेव्हा त्यांच्या फोनमध्ये एकदम एकेचाळीस निरोप पडले. त्यांनी तिथूनच पुतण्याला फोन लावला. सालकीन तेव्हा उलारबेकच्या समोरच उभी होती.

"अरे, कोण अत्यवस्थ आहे?" अके ओरडत होते. "इथं लिहिलंय प्रकृती गंभीर!"

"कुणी नाही, अके. डेटाबेस."

"तो कोण?"

"यंत्र, अके. आता बरं आहे. सालकीन-एजेंनी बघितलं."

"मग मला इतके दिवस का नाही कळलं?"

"तुमच्या उत्तराची वाट पाहत होतं ते."

अकेंचा आवाज एकदम मऊ झाला. "चार दिवस? माझ्यासाठी? दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही?"

"नाही, अके."

"बघ. यंत्राला रीत कळते. नीट सांभाळा त्याला. आणि सालकीनला त्याच्यापाशीच बसवा. ती त्याला बिघडू देणार नाही."

साधनातला क्रम बदलणं तर आता अशक्यच झालं. अकेंनी त्याची कुरणावर सगळ्या तंबूंतून तारीफ केली होती. पण डेटाबेसही चालायला हवा. उलारबेकनं दोन दिवस विचार केला आणि नवा हुकूम काढला: साधनाचा निरोप वडीलधाऱ्यांकडं असेपर्यंत, त्या मधल्या वेळात काय करायचं ते पाहण्यासाठी सालकीन-एजे. सप्टेंबरचा कागद परत त्याच्या खणात गेला. अहवालही तो संध्याकाळी सातला मागू लागला, दुकानं मिटल्यावर. सालकीननं वहीत लिहिलं, 'वारा पडला.'

उन्हाळा गेला, अके घोडे घेऊन खाली आले, बर्फ पडलं, वितळलं. मार्च आला.

शेवटच्या दिवशी कचेरीत केक झाला, भाषण झालं. अकेंनी हात वर करून तिला दुआ दिली, लांबलचक. उलारबेकनं फुलं दिली. जेवणात पहिल्यांदाच सालकीनच्या पुढ्यात मानाचं हाड आलं, तर तिनं ते उचलून अकेंच्या ताटात ठेवलं. अके "अगं, कशाला" म्हणाले आणि खाऊ लागले.

पेन्शनचा दिवस होता तो. ती बाहेर पडली, फुलं पिशवीत उलटी घातली, आणि नेहमीसारखी ओश बाजारात उतरली. दर पेन्शनच्या दिवशी काम उरकल्यावर ती एकदा जाऊन रांगेत उभी राहायची. फोनवर ऐकलेलं एक आणि पायांना कळलेलं एक.

तुर्सुनायनं गल्ल्यावरून पाहिलं. "एजे, आज तरी पुढं ये गं! पुढ्यात कोण आहे तुझ्या, सगळे ओळखीचे!"

"पुढं आले तर रांग कशी कळायची?"

ती एका म्हाताऱ्याच्या मागं उभी राहिली. तो छातीशी चिठ्ठी धरून काहीतरी पुटपुटत होता. रांग हलली, थांबली नाही, पुन्हा हलली. सात मिनिटांत तिची पाळी आली. तिनं गुडघ्याचा मलम घेतला, पैसे दिले. मग बाजूला होऊन, खिडकीच्या कठड्यावर वही ठेवून, पेन्सिलीनं लिहिलं. तारीख. काट्यापर्यंत. वारा नाही.

वही पिशवीत टाकली, फुलांच्या खाली, आणि ती मिनीबसच्या थांब्याकडं निघाली.