बारा प्रयोगांची वही

मानसशास्त्रज्ञ व्हायला काय काय लागतं, हे मला बारावीतच तोंडपाठ होतं. आधी बी.ए., तेही पहिल्या वर्गात. मग मुंबईला एम.ए. मग इस्पितळ जोडलेल्या संस्थेत एम.फिल.ची दोन वर्षं, जिथे जागा मोजक्याच. मग सरकारी नोंदणी, आणि मग दारावर पाटी. नव्वदचं दशक संपताना रत्नागिरीत हे कुणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर यायचं, "म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात जातंस काय गो?" इस्पितळ शहरातच, त्यामुळे विनोद आयता. मी चिडायचे. आपल्याला या लोकांपेक्षा जास्त कळतं असा माझा ठाम समज होता.

तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकाची वही असायची. बारा प्रयोग, आणि प्रत्येकाला एक 'प्रयुक्त', म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. आम्ही सगळ्या मुली शेजारीपाजारी धरून आणायचो. स्मरणशक्तीच्या चाचणीत निरर्थक शब्द आठवायला सांगितले, तर समोरच्या काकांनी खुशाल माशांची नावं ठोकून दिली होती. अकरा प्रयोगांत अर्धी वाडी संपली. बाराव्याला उरली शेजारची वहिनी.

वहिनी तिशीची, सातवी शिकलेली. नवरा मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. घरात सासू आणि दोन वर्षांची मुलगी. वहिनी कमी बोलायची, पण मी कागद घेऊन गेले तेव्हा हात पुसून, पदर सावरून अशी बसली की जणू बोर्डाची परीक्षा होती. चाचणी वाक्यं पुरी करण्याची होती. अर्धं वाक्य छापलेलं, उरलेलं मनात येईल तसं लिहायचं. तिने पाऊण तास घेतला. एक उत्तर खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

कागद देताना म्हणाली, "सगळा खरा लिवलंय हां बाय. वाचून सांग मला काय ता."

"असं सांगता येत नाही, वहिनी. गुप्त असतं."

"मलाच सांगूक गुप्त?"

मी हसले. तीही हसली, पण उठली नाही. मुलीची झबली घडी करत थोडा वेळ तशीच बसून राहिली.

घरी येऊन वाचलं. 'मला झोप' याच्यापुढे लिहिलं होतं, 'चार महिने नाही'. 'माझी मुलगी' याच्यापुढे, 'सासूबाईंजवळ नीट राहील'. आणि 'पुढच्या वर्षी' याच्यापुढे, 'मी नसेन'.

आमच्या सरांनी वर्गात दोन गोष्टी बजावल्या होत्या. तुम्ही अजून मानसशास्त्रज्ञ नाही, तेव्हा प्रयुक्ताला अर्थ सांगत बसू नका, सल्ले देऊ नका. आणि काही गंभीर दिसलं तर तो कागद घेऊन थेट माझ्याकडे या. पहिली मी पाळली. दुसरी मला आठवत नव्हती असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण आठवत होती. वही द्यायला चार दिवस राहिले होते. सरांनी तो कागद बाद करून दुसरा प्रयुक्त शोधायला लावला असता, आणि मला शोधायचा नव्हता. मी पट्टीने समास आखले, लाल शाईने 'भविष्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन : नकारात्मक' असं लिहिलं आणि त्याखाली दुहेरी रेघ मारली. ज्या इस्पितळावरून लोक विनोद करत, ते आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं.

तीन आठवड्यांनी, शिमग्याच्या आधी, वहिनी चिरेखाणीत साचलेल्या पाण्यात सापडली. वाडीत उघडपणे म्हणाले, पाय घसरला. पोलिसांनीही तेच लिहिलं. मी दोन दिवस जेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेच्या तयारीला बसले.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मऊ बोलणारे होते. बाराव्या प्रयोगाशी थांबले. चष्मा काढून त्यांनी तो कागद पुन्हा वाचला.

"या बाई आता कशा आहेत?"

मेल्या म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता की तुम्ही काय केलंत.

"बऱ्या आहेत, सर."

"लक्ष ठेवा हं त्यांच्याकडे," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

मला पहिला वर्ग मिळाला. निकालाच्या संध्याकाळी वहिनीची सासू वाटीत साखर घेऊन आली, नात कडेवर. माझ्या तोंडात चिमूट घातलीन, डोक्यावरून हात फिरवलान. मग दारात घुटमळली.

"बाय, तिने तुझ्यासाठी कायतरी लिवलान होता ना? माझ्याबद्दल काय वाईट लिवलान काय गो? लोक कायबाय बोलतात. माझ्याच त्रासानं गेली म्हणतात."

तिच्याबद्दल त्या कागदावर एकच ओळ होती, आणि ती ऐकायला म्हातारीने उरलेला जन्म ओवाळून टाकला असता. पण ती ओळ सांगायची म्हणजे कागद सांगावा लागला असता, आणि तो माझ्याकडे कधीपासून होता हेही.

"काही नाही हो काकू," मी म्हटलं. "परीक्षेतले प्रश्न होते नुसते."

ती मान हलवत नातीला घेऊन गेली. आठवड्याभरात मी मुंबईचा एम.ए.चा अर्ज भरला. म्हातारी पुढे सहा वर्षं जगली, आणि वाडीने तिला शेवटपर्यंत क्षमा केली नाही.