राबावरच्या दोन बादल्या

सासूबाईंच्या शेतातला धूर म्हणजे वणवा समजून मी दोन बादल्या पाणी ओतून तो विझवला. तो राब होता. भाताचं रोप टाकण्याआधी शेण-पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, ती आग. पाऊस तोंडावर आलेला आणि माझ्या पराक्रमाने रोपाच्या जागेचा चिखल झालेला.

सासूबाई नवा पाला पसरू लागल्या, तेव्हा मला चिंतन सुचलं. कधीकाळी कुणीतरी असंच रान भाजून पाहिलं असेल, राखेतून कोंब वर आले असतील, आणि हळूहळू अख्ख्या खंडांचं रूप पालटलं. जंगलांची कुरणं झाली, कुरणांची शेतं. काळ्यातून हिरवं येतं, या भरवशावरच माणूस इथवर पोचला.

"पेटेल हो पुन्हा," मी त्यांना धीर दिला.

"पेटेल की, जावईबापू. तुम्ही तेवढे पुण्याला परत गेलात, की लगेच."